संमिश्र संख्येची दोन वर्गमुळे

९ चे वर्गमूळ किती असे कोणी विचारले, तर तुम्ही चटकन '३' असे उत्तर द्याल. थोडा विचार केल्यावर '–३ सुद्धा' अशी पुस्ती जोडाल, कारण –३ चा वर्गही ९ च येतो. आता –९ चे वर्गमूळ किती? धन संख्येचा वर्ग धन आणि ऋण संख्येचा वर्गही धनच. मग जिचा वर्ग ऋण येईल अशी संख्या आणायची कोठून? भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'बीजगणित' या ग्रंथात याच कारणाने ऋण संख्येला वर्गमूळ नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. त्यांचे म्हणणे चूक नव्हते. त्यांना ठाऊक असलेल्या संख्यांमध्ये असे मूळ खरोखरच सापडत नाही.

मग पुढच्या गणितज्ञांनी अशा मुळाचा पिच्छा का पुरवला? वर्गसमीकरण सोडवताना मुळाच्या चिन्हाखाली ऋण संख्या आली, तर 'उत्तर नाही' असे म्हणून मोकळे होता येते. खरी अडचण घनसमीकरणांनी केली. इटलीतील जिरोलामो कार्दानो यांनी १५४५ साली घनसमीकरण सोडवण्याची रीत प्रसिद्ध केली. ती पुढील समीकरणाला लावून पाहू या.

क्ष³ = १५क्ष + ४

याचे एक उत्तर ४ आहे, हे तुम्ही तोंडी पडताळू शकता. ४ चा घन ६४ आणि १५ × ४ + ४ = ६४. परंतु कार्दानोंच्या रीतीने उत्तर येते ते असे : (२ + √–१२१) चे घनमूळ अधिक (२ – √–१२१) चे घनमूळ. उत्तर तर साधे ४ आहे, पण तेथे पोचण्याची वाट –१२१ च्या वर्गमुळातून जाते! राफाएल बोम्बेल्ली यांनी १५७२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या बीजगणितात या वाटेने न घाबरता जाऊन दाखवले. –१ चे वर्गमूळ ही एक संख्याच आहे असे समजून त्यांनी तिच्या गुणाकाराचे नियम ठरवले आणि (२ + √–१) चा घन २ + ११√–१, म्हणजेच २ + √–१२१ येतो, हे दाखवले. दुसरे घनमूळ २ – √–१. दोहोंची बेरीज बरोबर ४.

तात्पर्य, अशा संख्यांची मुळे काढता आली पाहिजेत. घनमुळाकडे जाण्यापूर्वी आपण वर्गमूळ नीट समजून घेऊ.

प्रथम ओळख

जिचा वर्ग –१ आहे त्या संख्येसाठी इंग्रजी वर्णमालेतील 'आय' हे अक्षर वापरण्याची प्रथा आहे. ऑयलर या थोर गणितज्ञांनी ते १७७७ मध्ये वापरले होते. आपण या लेखात तिला 'इ' म्हणू. म्हणजे इ² = –१. आता ३ + ४इ, ५ – १२इ अशा संख्या लिहिता येतात. त्यांना संमिश्र संख्या म्हणतात. काही मराठी पुस्तकांत तुम्हांला 'सदसत् संख्या' हे नावही आढळेल. ३ + ४इ मधील ३ हा वास्तव भाग आणि ४ हा कल्पित भाग. यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार नेहमीच्या बीजगणिताप्रमाणेच करायचे. फक्त इ² दिसले की तेथे –१ लिहायचे, एवढाच नवा नियम.

रीत पहिली : बीजगणिताची

३ + ४इ चे वर्गमूळ काढू या. समजा ते क + खइ आहे, आणि क व ख या नेहमीच्या वास्तव संख्या आहेत. वर्ग केल्यावर

(क + खइ)² = (क² – ख²) + २कखइ

हे ३ + ४इ बरोबर असले पाहिजे. म्हणून दोन समीकरणे मिळतात :

क² – ख² = ३
२कख = ४

यातून ख ची किंमत काढून पहिल्यात घातली तर चौथ्या घाताचे समीकरण येते. ते सुटते, पण त्याहून सोपी युक्ती आहे. दोन्ही समीकरणांचे वर्ग करून बेरीज करा. (क² – ख²)² + (२कख)² म्हणजे (क² + ख²)², हे सूत्र तुम्हांला माहीत आहे. म्हणून (क² + ख²)² = ९ + १६ = २५. आता क² + ख² ही दोन वर्गांची बेरीज आहे, ती ऋण असू शकत नाही. म्हणून

क² + ख² = ५

हे तिसरे समीकरण मिळाले की काम झालेच. पहिल्यात मिळवले तर २क² = ८, म्हणून क² = ४. त्यातून पहिले वजा केले तर २ख² = २, म्हणून ख² = १. म्हणजे क = २ किंवा –२ आणि ख = १ किंवा –१.

येथे घाई करू नका. दोन गुणिले दोन अशा चार जोड्या दिसतात, पण त्या सगळ्या चालत नाहीत. २कख = ४ हे धन आहे, म्हणून क आणि ख यांची चिन्हे सारखी असली पाहिजेत. राहिली दोनच मुळे : २ + इ आणि –२ – इ. पडताळा : (२ + इ)² = ४ + ४इ – १ = ३ + ४इ.

दुसरे उदाहरण ५ – १२इ चे घेऊ. २५ + १४४ = १६९, म्हणून क² + ख² = १३. यावरून क² = ९, ख² = ४. या वेळी २कख ऋण आहे, म्हणून चिन्हे विरुद्ध. मुळे ३ – २इ आणि –३ + २इ.

३, ४, ५ आणि ५, १२, १३ ही त्रिकुटे ओळखीची वाटली ना? तो योगायोग नाही. क आणि ख या कोणत्याही दोन असमान पूर्ण संख्या घ्या (शून्य सोडून), क + खइ चा वर्ग करा. येणाऱ्या संख्येचे दोन भाग (ऋण चिन्ह असल्यास ते सोडून) आणि क² + ख² मिळून काटकोन त्रिकोणाच्या तीन बाजू तयार होतात.

रीत दुसरी : भूमितीची

पहिल्या रीतीने उत्तर मिळते, पण मुळे दोनच का, आणि ती परस्परविरुद्ध का, हे डोळ्यांना दिसत नाही. ते दिसण्यासाठी आलेखाचा कागद घ्या. ३ + ४इ ही संख्या म्हणजे (३, ४) हा बिंदू असे समजा. कास्पर वेसेल या भूमापकाने १७९७ साली डेन्मार्कच्या विज्ञान अकादमीपुढे आणि झां रोबेर आर्गां यांनी १८०६ साली पॅरिस येथे ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली.

आरंभबिंदूपासून आपल्या बिंदूपर्यंत रेघ काढा. या रेघेला लांबी आहे आणि आडव्या अक्षाशी तिचा एक कोनही आहे. ३ + ४इ ची लांबी ५ आणि कोन सुमारे ५३.१ अंश. आता एखाद्या संख्येला इ ने गुणले तर काय होते? (३ + ४इ) × इ = –४ + ३इ. आलेखावर हे दोन्ही बिंदू मांडा. लांबी तीच राहिली, पण रेघ घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने बरोबर ९० अंशांत वळली. इ ने गुणणे म्हणजे काटकोनात वळणे.

आता एखाद्या संख्येला २ + इ ने गुणायचे असेल, तर तिची दुप्पट घ्यायची आणि तिलाच काटकोनात वळवून त्यात मिळवायची. म्हणजे मूळ संख्येच्या रेघेला पाया मानून तिच्यावर २ + इ चाच समरूप त्रिकोण उभारायचा. यावरून गुणाकाराचा सुंदर नियम मिळतो : लांब्यांचा गुणाकार होतो आणि कोनांची बेरीज होते.

वर्ग म्हणजे स्वतःशीच गुणाकार. तेव्हा वर्ग करताना लांबीचा वर्ग होतो आणि कोन दुप्पट होतो. मग वर्गमूळ काढणे अगदी सोपे : लांबीचे वर्गमूळ घ्या आणि कोन निम्मा करा. २ + इ चा कोन मोजा. तो सुमारे २६.६ अंश, म्हणजे ५३.१ चा निम्मा भरेल. कोन दुभागणे तर तुम्ही पट्टी आणि कंपास घेऊन नेहमीच करता.

–१ चा कोन १८० अंश. निम्मा केला की ९० अंश, म्हणजे इ. आणि स्वतः इ चे वर्गमूळ? इ चा कोन ९० अंश, लांबी १. म्हणून मुळाचा कोन ४५ अंश, लांबी १. ते मूळ म्हणजे (१ + इ) ÷ √२. त्याचा वास्तव भाग आणि कल्पित भाग सारखाच, ०.७०७. ही गोष्ट लक्षात ठेवा. तिचा उपयोग आपण पुढे करणार आहोत.

आता दुसरे मूळ. ९० अंशाच्या दिशेला ४५० अंशाची दिशाही म्हणता येते, कारण एक पूर्ण फेरी मारून आपण तेथेच येतो. ४५० चा निम्मा २२५. हे पहिल्या मुळाच्या बरोबर समोर, १८० अंशांवर. आणखी एक फेरी मिळवली तर ८१० चा निम्मा ४०५, म्हणजे पुन्हा ४५ च. म्हणून मुळे दोनच, आणि ती एकमेकांच्या समोर.

दोहोंपैकी कोणते?

√९ असे लिहिले की त्याचा अर्थ ३ घ्यायचा, असा आपला संकेत आहे. दोन मुळांपैकी धन असेल ते मुख्य. पण २ + इ आणि –२ – इ यांपैकी धन कोणते? संमिश्र संख्यांना धन-ऋण असे दोन गट नाहीत. बरे, काहीतरी नियम करून प्रत्येक संख्येचे एक मूळ निवडून टाकावे म्हटले, तर एक गंमत होते.

१ या संख्येपासून निघा. तिचे मूळ १ निवडा. आता एकक वर्तुळावरून सावकाश चाला. तुम्ही ६० अंशांवर पोचता तेव्हा मूळ ३० वर असते. तुम्ही १८० वर असता तेव्हा मूळ ९० वर. तुम्ही पूर्ण फेरी मारून पुन्हा १ पाशी येता, आणि मूळ? ते अर्धीच फेरी मारून –१ वर उभे असते! वाटेत कोठेही उडी न मारता आपण एका मुळावरून दुसऱ्यावर आलो.

म्हणून कोठेतरी रेघ ओढून 'येथे मूळ उडी मारते' असे मान्य करावेच लागते. पृथ्वीवर १८० रेखांशाच्या आसपास आंतरराष्ट्रीय वार रेषा मानली आहे आणि ती ओलांडताना वार बदलतो, तसेच हे. सामान्यतः ही रेघ ऋण वास्तव अक्षावर मानतात, म्हणजे मुख्य मूळ उजव्या बाजूला राहते. हे न जाणता जुने नियम वापरले तर फसगत होते. √–१ × √–१ = √(–१ × –१) = √१ = १ असे कोणी मांडले, तर –१ आणि १ समान ठरतील! मुळांचा गुणाकार हा गुणाकाराच्या दोन मुळांपैकी एक असतो, पण तो मुख्यच असेल असे नाही.

जमिनीतील वर्गमूळ

एवढा खटाटोप कागदावरच राहतो का? नाही. तुमच्या शाळेच्या मैदानाखाली इ चे वर्गमूळ रोज काम करीत असते.

दिवसा जमिनीचा पृष्ठभाग तापतो, रात्री निवतो. ही तापमानाची लाट हळूहळू खाली जाते. खाली जाताना तिचा चढउतार कमी होतो आणि तिला उशीरही होतो. ही लाट आपण आलेखावर फिरणाऱ्या रेघेने दाखवू. रेघेची लांबी म्हणजे लाटेची उंची, अर्थात सरासरीपासून वर किंवा खाली होणारा सर्वांत मोठा फरक. रेघेचा कोन म्हणजे वेळ. २४ तासांत एक फेरी, म्हणजे तासाला १५ अंश.

गोफणीतला दगड क्षणोक्षणी दोरीशी काटकोन करून पळत असतो. तसेच फिरणाऱ्या रेघेच्या टोकाचा वेग रेघेशी काटकोनात असतो. म्हणून कालानुसार होणारा बदल म्हणजे त्या संख्येला इ ने (आणि फिरण्याच्या गतीने) गुणणे. खोलीनुसार पाहिले, तर मातीचा प्रत्येक सारखा थर लाटेला सारखेच आखडतो आणि सारखेच मागे वळवतो. म्हणून खोलीनुसार होणारा बदल म्हणजे संख्येला एका ठरावीक संख्येने गुणणे. तिला 'म' म्हणू.

आता उष्णतेचा नियम पाहा. एखाद्या थरात उष्णता वरून येते आणि खाली जाते. किती वाहते, हे शेजारच्या थरांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून. थरात किती साठते, हे येणाऱ्या आणि जाणाऱ्या उष्णतेच्या फरकावर अवलंबून. म्हणजे फरकाचा फरक, खोलीनुसार दोनदा बदल, म × म. तेव्हा नियम असा होतो :

म² = इ × (एक धन संख्या)

म्हणजे म काढण्यासाठी इ चे वर्गमूळ हवे! ते दोन प्रकारचे : १ + इ च्या दिशेचे आणि –१ – इ च्या दिशेचे. येथे कोणते निवडायचे हे निसर्गच सांगतो. वास्तव भाग धन घेतला, तर लाट जितकी खोल जाईल तितकी मोठी होत जाईल, आणि तसे घडत नाही. म्हणून वास्तव भाग ऋण : लाट आखडते. मग कल्पित भागही ऋणच असणार, कारण क आणि ख यांची चिन्हे सारखी असली पाहिजेत, हे आपण ३ + ४इ च्या उदाहरणातच पाहिले. कल्पित भाग ऋण म्हणजे रेघ मागे वळते, लाटेला उशीर होतो. आखडणे आणि उशीर या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, पण त्या एकाच वर्गमुळाचे दोन भाग आहेत, आणि दोन्ही भाग सारखे आहेत.

साधारण ओलसर मातीत सुमारे १२ सेंटिमीटर खोलीवर दैनिक लाटेची उंची २.७१८ पटीने कमी होते, म्हणजे ३७ टक्के उरते. तेथेच ती १ रेडियन, म्हणजे ५७ अंश मागे पडते. १५ अंशाला एक तास, या हिशेबाने जवळजवळ पावणेचार तास. सुमारे ३७ सेंटिमीटरवर लाट अर्धी फेरी, म्हणजे १२ तास मागे असते. वर दुपार तापलेली असताना तेथे लाटेचा तळ असतो. मात्र तेथे लाटेचा तेविसावा भागच उरतो. वर १५ अंश सेल्सिअसची लाट असेल, तर तेथे ती पाऊण अंशाहूनही कमी.

वार्षिक लाट ३६५ पट सावकाश फिरते, म्हणून ती ३६५ च्या वर्गमुळाइतकी, म्हणजे सुमारे १९ पट खोल जाते. सात मीटरवर ती सहा महिने मागे असते आणि तेथेही तेविसावा भागच उरतो. खोल विहिरीचे पाणी उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्याच्या पहाटे कोमट वाटते, ते यामुळेच. पाण्याचे तापमान फारसे बदलत नाही, बदलते ती बाहेरची हवा. आपल्याकडे पावसाळ्यात पाणी मुरते, त्यामुळे वार्षिक लाट इतकी साधी राहत नाही. स्कॉटलंडमध्ये एडिंबरो येथे जेम्स फोर्ब्ज यांनी १८३७ मध्ये जमिनीत २४ फ्रेंच फुटांपर्यंत (सुमारे ७.८ मीटर) लांब नळ्यांचे तापमापक पुरले होते. त्या नोंदींवरून विल्यम टॉम्सन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८६० च्या सुमारास खडकातून उष्णता किती सहज वाहते हे काढले. त्यासाठी त्यांनी लाटेचे आखडणे आणि तिचा उशीर या दोन्ही गोष्टींचा उपयोग केला.

स्वतः करून पाहा

शाळेच्या आवारात दिवसभर ऊन येणारी जागा निवडा. लोखंडी सळईने १० सेंटिमीटर खोल भोक पाडा, त्यात तापमापकाचा फुगा तळाशी टेकेल असा ठेवा आणि भोवती माती हलकेच दाबा. काचेचा तापमापक जोराने खुपसू नका. दुसरा तापमापक पृष्ठभागावर जेमतेम मातीने झाकून ठेवा. सूर्योदयापूर्वीपासून सूर्यास्तापर्यंत दर तासाला नोंद करा, आणि शिक्षकांच्या मदतीने दोन्हींचे आलेख काढा. खालच्या तापमापकाचा उच्चांक किती तास उशिरा आला? तो तीन तास उशिरा आला, तर तेथील चढउतार वरच्याच्या सुमारे ४६ टक्के असायला हवा. दोन तास उशीर असेल तर सुमारे ५९ टक्के, चार तास असेल तर ३५ टक्के. माती सगळीकडे सारखी नसते आणि पृष्ठभागाची लाटही अगदी शुद्ध नसते, म्हणून आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. पण उशीर आणि आखडणे यांची जोडी तुम्हांला नक्की दिसेल.

सोडवा

१. –७ + २४इ ची दोन्ही वर्गमुळे काढा.
२. –२इ ची वर्गमुळे दोन्ही रीतींनी काढा.
३. ८ + १५इ ची वर्गमुळे काढा. ८, १५, १७ हेही काटकोन त्रिकोणाचे त्रिकुट आहे, मग मुळांत पूर्ण संख्या का येत नाहीत?
४. वर्गमुळाऐवजी घनमूळ घेऊन एकक वर्तुळावरून चाललात, तर मूळ पुन्हा जागेवर यायला किती फेऱ्या लागतील?

उत्तरे : (१) ३ + ४इ, –३ – ४इ. (२) १ – इ, –१ + इ. (३) (५ + ३इ) ÷ √२ आणि त्याची विरुद्ध संख्या. मुळाचे दोन्ही भाग पूर्ण संख्या असतील, तर वर्गाचा कल्पित भाग २कख हा सम असतो, पण १५ विषम आहे. ८ आणि १५ यांची अदलाबदल करून १५ + ८इ चे मूळ काढा, ते ४ + इ येईल. (४) तीन.